आकसलेल्या नोटा

शिलाईच्या दुकानाचं शटर वर गेलं की मास्तर आधी खण उघडायचे. जुन्या पाकिटातल्या तीन परदेशी नोटा कापडाचा पोत बघावा तशा बोटांत धरायचे आणि परत ठेवायचे. मग मशिनला तेल. बायको शेजारच्या स्टुलावर काजं करायला बसलेली असायची. तिला हे पाठ झालं होतं.

तीन वर्षांपूर्वी दोघं लेकीकडे परदेशी जाऊन आली होती. निघायच्या दिवशी मास्तरांनी नातीला बागेतल्या गोल फिरणाऱ्या घोड्यांकडे नेलं, तर घोडे दुरुस्तीला काढलेले. पोरीने रडून आकाशपाताळ एक केलं. "पुढच्या खेपेला पाच फेऱ्या," मास्तरांनी कबूल केलं. विमानतळावर बायको उरलेल्या नोटा बदलून घ्यायला निघाली, तर ह्यांनी पाकीट पाठीमागे लपवलं.

"अहो, घरी नेऊन लोणचं घालणार का त्यांचं?"

"नातीच्या आहेत त्या."

पुढे कधी मास्तरांचे गुडघे आडवे आले, कधी कामं. शेवटी लेकीनेच तिकिटं काढली. निघायला पंधरा दिवस होते. हरखलेल्या मास्तरांनी स्वतःच्या शर्टांना कडक इस्त्री केली आणि त्याच ओघात ती नोटांवरूनही फिरवली. तिकडच्या नोटा प्लास्टिकच्या असतात, हे रोज हाताळूनही त्यांच्या बोटांना कळलं नव्हतं. बघता बघता तिन्ही आकसून बसच्या तिकिटाएवढ्या झाल्या.

"चाळीस वर्षांत गिऱ्हाइकाचा रुमालसुद्धा जाळला नाहीत," बायको हसत सुटली. मग त्यांचा चेहरा पाहून म्हणाली, "तिकडे गेल्यावर दुसऱ्या घेऊ की."

"ह्याच सांभाळल्या होत्या गं."

आठवड्याने भर दुपारी मास्तर बाजारात कोसळले. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

तिकिटं तशीच राहिली. लेकच नातीला घेऊन आली. सहा वर्षांची नात भिंतीवरच्या फोटोकडे परक्यासारखी बघत राहिली. घोड्यांचं तिला काहीच आठवत नव्हतं.

खण आवरताना लेकीला नोटा सापडल्या. "आई, मी घेऊन जाते. तिकडची बँक घेईल कदाचित, विचारून बघते."

"नको."

"अगं, विचारायला काय जातं?"

"आणि घेतल्या तर?"

लेकीने पाकीट आईच्या मांडीवर ठेवलं. मग लेकीने विचारलं, "बाबा त्या दिवशी काही म्हणाले होते का? आमच्याबद्दल?"

काहीतरी गोड रचून सांगावं असं आईच्या जिभेवर आलं होतं. पण इतक्या वर्षांच्या माणसाच्या तोंडी दुसऱ्याचे शब्द घालवेनात. त्या दुपारी दुकानाच्या पायरीवर चपला सरकवताना ते म्हणाले होते, तेच तिने सांगितलं.

"पँटवाले आले तर विचारून ठेव, निळी चेन मिळाली नाही तर काळी चालेल का."