बांधापलीकडची कपाशी

कौसाबाई चूक सांगत नसत, हातात ठेवत. संकरित कपाशीच्या बियाण्याच्या प्लॉटमध्ये बाया दुपारी उद्या उमलणाऱ्या कळ्या सोलून त्यांतले पुंकेसर काढतात आणि सकाळी त्यांवर दुसऱ्या वाणाचे फूल घासतात. एखादी कळी नजरेतून सुटली तर ती आपली आपणच उमलते आणि बियाण्यात भेसळ होते. असे फूल दिसले की कौसाबाई ते खुडायच्या, त्या ओळीतल्या बाईच्या मुठीत दाबायच्या आणि पुढे जायच्या. शेजारणीलाही कळायचे नाही.

टेंभुर्णीच्या शिवारात त्यांची बारा जणींची टोळी होती, सगळ्या बौद्धवाड्यातल्या. मी बियाणे कंपनीचा सुपरवायझर. प्लॉट फिरून पाहायचा आणि अहवाल लिहायचा, एवढे माझे काम.

एकदा प्लॉटमालक भाऊसाहेबांनी फवारणीच्या ड्रममधून प्यायचे पाणी पाठवले. कौसाबाईंनी काम थांबवून बायांना बांधावर बसवले. मालक आले तेव्हा गड्यांदेखत, माझ्यादेखत त्या म्हणाल्या, “भाऊसाहेब, पहिला गिलास तुमचा. तुम्ही प्या, मंग आम्ही पितो.” भाऊसाहेब हसले. बाकी कुणी हसले नाही. थोड्या वेळाने घरून घागरी आल्या.

एवढे सगळ्यांसमोर बोलायला नको होते, असे मी त्यांना नंतर म्हणालो.

“लहान माणसाला बाजूला घिऊन सांगावं, साहेब,” त्या म्हणाल्या. “मोठ्याला चारचौघांत. न्हाई तर तो ऐकलंच न्हाई म्हणतो.”

त्याच हंगामात त्यांनी मला लिंबाखाली गाठले. “बांधापल्याड दुसरी कपाशी लावलीय. आत्ताच बघून घ्या. मधमाशी काय बांध बघत न्हाई.”

मी जाऊन पाहिले. बियाण्याच्या प्लॉटपासून ठरावीक अंतरात दुसरी कपाशी चालत नाही; ही बांधाला लागूनच होती, आणि भाऊसाहेबांच्या सख्ख्या भावाची होती. अहवालात तसे लिहिले असते तर प्लॉट रद्द झाला असता, भावाभावांत जुंपली असती आणि कंपनीने मलाच विचारले असते की इतके दिवस काय करत होता. निवृत्तीला दीड वर्ष उरले होते. मी लिहिले: अंतर योग्य.

बियाणे चाचणीत नापास झाले. भाऊसाहेबांच्या ओसरीवर कंपनीचे मॅनेजर आले, टोळीला बोलावले. बायांनी गप्पा मारत कळ्या सोडल्या, असे भाऊसाहेब म्हणाले. कौसाबाई उठून उभ्या राहिल्या. मी फाइल चाळत होतो. त्यांनी तोंड उघडले, माझ्याकडे पाहिले आणि मग एवढेच म्हणाल्या, “आमच्या हातून कळी सुटली न्हाई.” आणि खाली बसल्या.

पुढच्या हंगामात त्या टोळीला कुणीही बोलावले नाही. दोघी-तिघी वीटभट्टीवर गेल्या. कौसाबाई लेकीकडे जाफराबादला राहायला गेल्या.

दोन वर्षांनी तिथल्या बसस्टँडवर भेटल्या. “जयभीम साहेब,” म्हणून त्यांनीच हाक मारली आणि माझ्या गुडघ्याची चौकशी केली. मला राहवले नाही. त्या दिवशी माझे नाव का घेतले नाही, असे विचारले.

“घेणारच होते,” त्या सरळ म्हणाल्या. “मोठ्याला चारचौघांत सांगावं म्हणून बोलायला गेल्ते. मंग तुमच्याकडं बघितलं. लई लहान दिसले तुम्ही.”

त्यांची जीप लागली आणि त्या गेल्या.

गेल्या वर्षी कौसाबाई वारल्या. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात लेकीने मलाही दोन शब्द बोलायला सांगितले. टोळीतल्या बाया पुढच्याच सतरंजीवर बसल्या होत्या. कौसाबाई कष्टाळू होत्या, स्पष्टवक्त्या होत्या, असे मी बोललो आणि बसलो. बायांपैकी एकीनेही मान हलवली नाही.

आता जुन्या जालन्यात मुलाच्या घरी असतो. बोलायचे ते बोलायच्या वेळी बोललो नाही, म्हणून हे लिहून छापायला देतो आहे. बांधापलीकडची कपाशी मी पाहिली होती. अहवाल खोटा होता आणि तो मी लिहिला होता. कौसाबाईंच्या टोळीने कळ्या सोडल्या नव्हत्या.