दोरीवरचा मास्क

रोज सकाळी हे आपला झोपेचा मास्क साबणाच्या पाण्यात धुतात आणि बाल्कनीतल्या दोरीवर, माझ्या साडीच्या सावलीत, चिमटा लावून वाळत घालतात. उन्हात रबर कडक होतं म्हणे. आयुष्यात स्वतःचा बनियन कधी न पिळलेल्या माणसाची ही टापटीप मी चहा पीत बघत बसते.

यांचं घोरणं नातेवाइकांत प्रसिद्ध होतं. लग्नकार्यात यांचं अंथरूण सामानाच्या खोलीत पडायचं. दिवसा पेपर वाचतानाही डुलकी लागायची, तर आम्ही म्हणायचो, सुखी माणूस. रात्री मधेच घोरणं थांबायचं. तेवढ्यात मी झोपून घ्यायचे.

मग माझी नणंद चार दिवस राहायला आली. दुपारी जेवून हे आडवे झाले होते, आम्ही दोघी शेजारी मेथी निवडत होतो. हातातली जुडी खाली ठेवून ती म्हणाली, "वहिनी, दादाचा श्वास थांबलाय." तेवढ्यात हे दचकून पुन्हा घोरू लागले.

"असं नेहमीच होतं," मी म्हणाले, आणि म्हणता म्हणताच मेथी सोडून यांच्या छातीकडे बघू लागले. इतकी वर्षं मी ज्या शांततेची वाट बघत होते, ती ही होती.

डॉक्टरांनी अंगाला तारा लावून झोपेची तपासणी केली आणि नाकावर मास्क लावून झोपायचं हवेचं मशीन दिलं. आता पेपर शेवटच्या पानापर्यंत वाचून होतो. घरात रात्रभर शांतता असते. तरी जाग आली की मी यांच्या छातीवर हात ठेवते. हात वर जातो, खाली येतो. मग मी कूस बदलते.