पिंग सहाशे चाळीस

सलग तीन आठवडे माझी बायको रोज संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास मारली जात होती आणि त्यात माझा हात होता.

हे वाचून कुणी ठाण्यात फोन लावायच्या आत खुलासा करतो. सुनंदा, म्हणजे माझी बायको, मोबाइलवर लढाईचा खेळ खेळते. चौघाचौघांच्या टोळ्या विमानातून एका बेटावर उड्या टाकतात, घराघरांत शिरून बंदुका शोधतात आणि एकमेकांच्या मागं लागतात. शेवटपर्यंत जी टोळी जिवंत राहील ती जिंकली. माणसं कुठकुठल्या गावची, पण बेट एकच आणि वेळही एकच.

सुनंदाच्या टोळीचं नाव ‘कडक भाकरी’. टोळीत उमरग्याला हायवेलगत पार्लर चालवणारी तिची धाकटी बहीण मंदा, तामलवाडीची अंगणवाडी सेविका शालन आणि पुण्यात शिकणारी पुतणी प्राजू. सुनंदा त्यांची कप्तान. दिवसभर ती आमच्या गावातल्या, बेंबळीतल्या, निम्म्या बायकांचे ब्लाउज शिवते आणि संध्याकाळ झाली की शिलाई मशीनवर कापड टाकून कानात हेडफोन घालते.

तिचं ते रूप मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा चहा मागायला म्हणून गेलो होतो. ती एकदम थंड आवाजात म्हणत होती, “शालन, डाव्या अंगाच्या घरात दोघं हाईत. खिडकीतनं बाँब टाक अन् मागल्या दारानं नीघ. घाई करू नको, ते कुठं जात न्हाईत.” मी तसाच मागं फिरलो. चहा स्वतः केला आणि एक कप मुकाट्यानं तिच्याजवळ नेऊन ठेवला. तेवीस वर्षांच्या संसारात असा आदर मला फक्त मुख्याध्यापकांविषयी वाटला होता, तोही पगारपत्रकावर सही होईपर्यंत.

अशा बायकोसाठी आपणही काहीतरी करावं, असं मला वाटू लागलं. सगळा घोटाळा इथूनच सुरू झाला.

मी हायस्कुलात गणित आणि विज्ञान शिकवतो, त्यामुळे घरात माझ्या अज्ञानाला कुणी आव्हान देत नाही. एकदा तिच्या खांद्यावरून डोकावताना मला पडद्याच्या कोपऱ्यात एक बारीक हिरवा आकडा दिसला. शेजारी लिहिलं होतं ‘पिंग’. आकडा होता तीस.

माझ्या काळजात चर्र झालं. तीस! शंभरातले धरले तरी पास व्हायला पस्तीस लागतात. एवढी हुशार बाई आणि हिला कुणीतरी नापास करतंय!

दोन दिवसांनी ती मंदाला फोनवर सांगत होती, “काल माझा पिंग एकशेसाठवर गेलता बाई.” आवाज रडवेला होता. पण मी फसलो नाही. (आमच्याकडं पोरीला नव्वद टक्के पडले तरी बायका रडक्या आवाजातच सांगतात, दृष्ट लागू नये म्हणून.) मी हळूच जाऊन पाहिलं, तर आकडा एकशेदहा होता आणि लाल झाला होता. माझी उरलीसुरली शंकाही मिटली. गेली सव्वीस वर्षं मी लाल शाईनंच मार्क देत आलोय.

तेव्हा माझं कर्तव्य स्पष्ट होतं: बायकोचा पिंग वाढवायचा. आणि तो गुपचूप वाढवायचा, कारण नवऱ्यानं मार्क वाढवून दिले असं कळलं तर मानी बाई नाराज होईल.

मी एक वही काढली. विज्ञानाचा शिक्षक असल्यामुळे प्रयोग, निरीक्षण, अनुमान असे तीन रकाने पाडले. टीव्हीवर नेटचा सिनेमा लावला की पिंग सत्तर. माझ्या फोनमधले शाळेच्या गॅदरिंगचे व्हिडिओ नेटवर साठवायला लावले की एकशेवीस. पण खरा शोध लागला तो योगायोगानं. आतल्या खोलीत फळीवरचा राउटर मी पुसायला म्हणून खाली घेतला आणि ज्वारीच्या लोखंडी कोठीमागं ठेवला. बाहेरून सुनंदाचा उसासा ऐकू आला. जाऊन पाहिलं तर दोनशेचाळीस! न्यूटनला सफरचंद पडल्यावर जे झालं असेल, ते मला कोठीमागं झालं.

सुनंदानं विचारलंच, राउटर कोठीमागं का म्हणून. मी सांगितलं, उष्णतेमुळं उपकरणाची कार्यक्षमता घटते, धातूच्या सान्निध्यात ते गार राहतं. तिनं मान डोलावली. मास्तरशी लग्न केल्याची शिक्षा असते ती अशी.

तेव्हापासून रोज साडेसहाला ती मरू लागली. शत्रू तिच्यासमोर उभा असायचा, ती नेम धरून गोळी झाडायची आणि गोळी लागायच्या आत तो भलतीकडंच उगवून हिला लोळवायचा. मला वाईट वाटायचं, पण मी मनात म्हणायचो, एवढ्या पिंगला ही स्थिती आहे, तर तीसला काय झालं असतं!

शेवटी तिनं जावेदला बोलावलं. जावेद म्हणजे गावातला नेटवाला. दोन मुलांचा बाप, अतिशय सज्जन आणि चिकाटीचा. तो येणार म्हटल्यावर मी घाईघाईनं टीव्ही बंद केला, फोनमधलं सगळं थांबवलं आणि राउटर पुसून परत फळीवर ठेवला. पाहुणा येणार म्हणून आपण घर आवरतो, त्याच भावनेनं. जावेदनं तपासलं आणि म्हणाला, “काकू, पिंग अठ्ठावीस. एक नंबर लाइन हाय तुमची.”

अठ्ठावीसला एक नंबर! मला त्याची दया आली. बिचाऱ्याची शाळा लवकर सुटली असणार.

तो गेला, राउटर कोठीमागं गेला, सुनंदा मेली. दुसऱ्यांदा आला तेव्हा त्यानं खांबापासूनची वायर बदलली. तिसऱ्यांदा त्यानं राउटरच बदलला. दर वेळी तो असेपर्यंत अठ्ठावीस आणि त्याची मोटारसायकल वळणाआड गेली की दोनशेसाठ. चौथ्या खेपेला तो उंबऱ्यावरच बसला. हलक्या आवाजात मला म्हणाला, “सर, गलत समजू नका. पण या घरात कायतरी हाय.”

होतंच. तो त्याच्याशीच बोलत होता.

अशातच एका स्पर्धेची पात्रता फेरी जाहीर झाली. पहिल्या दोन टोळ्यांना पुण्याला मोठ्या मंचावर खेळायला बोलावणार होते. सुनंदा ब्लाउजला हुक लावत होती. मान वर न करता म्हणाली, “तुमचं नाव शाळेत दरसाली माईकवरनं घेत्यात. माझं नाव लग्नात भटजीनं घेतलं तेवढंच, ते बी बदललेलं.”

मी त्या क्षणी मनाशी ठरवलं. पात्रता फेरीच्या दिवशी हिला असा पिंग मिळवून द्यायचा की पुण्यानं तोंडात बोट घालावं.

रविवार उजाडला. लढाई दुपारी तीनला. पावणेतीनला मी आतल्या खोलीत गेलो आणि तीन आठवड्यांचं सगळं ज्ञान पणाला लावलं. टीव्हीवर सिनेमा लावला. माझ्या फोनमधून तीन वर्षांची गॅदरिंगं एकदम चढवायला लावली. आणि राउटर कोठीमागं न ठेवता थेट कोठीतच उतरवला. निम्म्या ज्वारीवर नीट आडवा ठेवला, झाकण लावलं आणि वायरीपुरती एक बारीक फट ठेवली. मग हात जोडले आणि बाहेर येऊन तिच्याशेजारी बसलो.

सुनंदाचा चेहरा घामानं डबडबला होता. बेटावरची माणसं जागच्या जागी गोठत होती आणि एकदम वीस पावलं पुढं उगवत होती. तिचा स्वतःचा शिपाई भिंतीला डोकं लावून पळत होता. मी कोपऱ्यातला आकडा पाहिला आणि मला राहवलं नाही.

“सहाशे चाळीस,” मी म्हणालो. मी जवळजवळ टाळीच वाजवली. “सुनंदा, सहाशे चाळीस.”

तिनं सावकाश माझ्याकडं पाहिलं. “तुमी का खुश हुताय?”

“मीच केलेत,” मी म्हणालो. “तीन आठवडे वाढवत आणलेत. तीसवर होतीस तू.”

शिलाई मशीनवरच्या कात्रीकडं तिनं एकदा बघून घेतलं.

“पिंग म्हंजी काय वाटतंय तुमाला?”

“मार्क,” मी म्हणालो.

हेडफोनमधून मंदाचा आवाज मलासुद्धा ऐकू आला. “अक्का, दाजी काय म्हनले? मला मार्क ऐकू आलं.”

“बरोबर ऐकू आलं,” सुनंदा म्हणाली. मग मला, पहिलीच्या पोराला सांगावं तसं सांगितलं, “म्या हितं बटन दाबलं की ते तिकडं पोचून परत निरोप यायला लागतो त्यो येळ म्हंजी पिंग. जितका कमी तितकं बरं. कुठाय राउटर?”

“कोठीत,” मी म्हणालो.

“मागं?”

“आत.”

मी धावलो. झाकण उघडलं, पण राउटर ज्वारीत रुतला होता. मी वायर धरली आणि विहिरीतून पोहरा ओढावा तशी ओढली. आता, ही वायर वरून वायरीसारखी दिसत असली तरी आत केसाएवढी बारीक काच असते. (हे मला जावेदनं तीनदा सांगितलं होतं. मी तीनदा मान डोलावली होती.) कट्ट असा आवाज झाला. राउटर वर आला, वायरही वर आली, पण दोघं वेगवेगळे. राउटरवर एक लाल दिवा लागला. या वेळी मात्र मी त्याला मार्क समजलो नाही.

आमच्या गल्लीत मोबाइलला रेंज येते ती बोलण्यापुरती, तीही खिडकीत उभं राहिलं तरच. म्हणून तर वायरीचं नेट घेतलेलं. बाहेर आलो तेव्हा सुनंदाचा शिपाई मेला होता आणि पडदा काळा पडला होता. मी खिडकीत जाऊन जावेदला फोन लावला, तो निघतो म्हणाला. सुनंदानं माझ्या हातातून फोन काढून घेतला, मंदाच्या पार्लरमधल्या दुसऱ्या फोनवर साधा फोन केला, तिला हेडफोन काढून खेळाचा आवाज मोठा करायला सांगितलं आणि स्पीकर चालू करून खिडकीतच उभी राहिली.

पुढची बारा मिनिटं मी आयुष्यात विसरणार नाही.

तिनं डोळे मिटले. “मंदा, तू कुठं हाईस?” मंदा म्हणाली, पिवळ्या गोदामाजवळ. “गोदामाच्या उजव्या अंगाला पायऱ्या हाईत. अकरा. सात चढ अन् बस. शालनला म्हण, पुलाखाली जा. प्राजूला सांग, गवतातनं हलू नको.” पडदा नाही, चित्र नाही. अख्खं बेट तिच्या डोक्यात होतं. घराघराचं तोंड कुठं, कुठल्या दाराला आवाज होतो, कुठल्या टेकडीमागं माणूस दडतो, सगळं. आपल्या घरातली हळद-तिखटाची बरणी सांगावी तसं ती सांगत होती.

मंदाच्या पार्लरसमोरून ट्रक कर्णा वाजवत जात होते. सुनंदा त्या कर्ण्याच्या गोंगाटातून फोनमधल्या पावलांचा अंदाज घेत होती. मंदा म्हणाली, समोर एकजण दिसतोय, मारू का. “दिसतोय त्याच्यावर जाऊ नको,” सुनंदा म्हणाली. “तीन आठवडे मला दिसायचं एक अन् असायचं भलतंच. पाऊल ऐक. दुसरा मागनं येतोय. आता वळ. मार.”

गोळीचा आवाज आला. मंदा किंचाळली नाही. फक्त म्हणाली, “अक्का, व्हता की गं मागं.”

तेवीस वर्षं मी या बाईला दोन अंकी वजाबाक्या समजावून सांगत आलो होतो.

शालन पडली, मग प्राजू पडली. सुनंदा आणि फोन मिळून मंदाला एका दगडामागून दुसऱ्या दगडामागं नेत राहिले. शेवटी बेटावर मंदा एकटी आणि समोर एकाच टोळीतले चौघं उरले. तिनं त्यातले दोघं टिपले आणि मग पडली.

‘कडक भाकरी’ दुसऱ्या आल्या. म्हणजे पुणे पक्कं झालं. सुनंदानं डोळे उघडले, पदरानं तोंड पुसलं आणि खिडकीच्या कठड्यावर टेकली. “दाजी नसते तर पयलं आलो असतो,” फोनमधून मंदा म्हणाली. सुनंदानं तिला गप केलं नाही.

तेवढ्यात जावेद धापा टाकत आला. त्यानं कोठी पाहिली, ज्वारी पाहिली, तुटलेली वायर पाहिली आणि सगळ्यात शेवटी माझ्याकडं पाहिलं. पाचवीच्या पोरानं पकडलेल्या मास्तरसारखा मी उभा होतो. “सर,” तो फार अदबीनं म्हणाला, “ते जे घरात होतं ना, ते तुमीच.”

पुण्याच्या अर्जात संघाबरोबर एक प्रशिक्षक नेता येतो. सुनंदानं तिथं जावेदचं नाव लिहिलं. मी अर्जाकडं पाहत राहिलो तेव्हा म्हणाली, तुमच्यासाठी येगळं काम हाय, त्ये तुमच्याशिवाय कुणाला जमायचं न्हाय. मी सुखावलो.

आता रोज संध्याकाळी सहा ते आठ मी एस.टी. स्टँडवरच्या बाकावर बसतो, फोन बंद करून. येणारे-जाणारे पालक थांबतात आणि विचारतात, कुठं निघालात सर? मी सांगतो, कुठंच न्हाय. घरातला पिंग कमी करायला आलोय.