अट्राक्टाचं डावं वल्हं

अट्राक्टा हेनेगनला वाईट बोलायचं असेल तर माणसाने आधी दुसऱ्या गावी घर बघून ठेवावं. गावातल्या एका बाईने एकदा, केवळ एकदा, अट्राक्टाचा सोडा-ब्रेड कोरडा झालाय असं म्हटलं होतं. पुढची अकरा वर्षं त्या बाईच्या घरी बारसं असो, लग्न असो की मयत, अट्राक्टा हातात सोडा-ब्रेड घेऊन हजर! शेवटी बाईने चर्चच्या पायरीवर हात जोडले, तेव्हा कुठे ब्रेड थांबला. बिचारीचा नवरा मात्र म्हणाला, "सवय झाली होती गं, आता चुकल्यासारखं होतं."

तर अशा बाईच्या बापाच्या वाटेला जर्मनीतला एक दातांचा डॉक्टर गेला.

बाप म्हणजे फेस्टी मल्केरिन. मास्क नावाच्या तलावावर पन्नास वर्षं नाव चालवलेला माणूस. परदेशी पाहुण्यांना नावेत बसवायचं, पिसांची माशी गळाला बांधून द्यायची, ट्राउट मासा कुठे उठेल ते पाण्याकडे बघून सांगायचं, हा त्याचा धंदा. त्याच्या हातची मे महिन्यातली माशी खऱ्या माशीच्या शेजारी ठेवली तर खरीच जरा ओबडधोबड वाटायची. आणि त्याचा एक नियम सगळ्या तलावाला पाठ होता. ट्राउटने माशी तोंडात घेतली की लगेच गळाची काठी उचलायची नाही. मनातल्या मनात सासूचं पूर्ण नाव घ्यायचं, मग उचलायची. तेवढ्यात मासा तोंड मिटून खाली वळतो. "घाईने कुणाच्याच तोंडातून काही बाहेर येत नाही," फेस्टी म्हणायचा, "खोटं सोडून."

दोन वर्षांपूर्वी या डॉक्टरने, देटलेफ ब्रुंकन त्याचं नाव, फेस्टीच्या नावेत बसून सात पौंडांचा मासा घालवला. माशी दिसेनाशी झाली आणि याने दाढ उपटावी तशी काठी उपटली. मासा गेला. संध्याकाळी हॉटेलच्या दारूच्या काउंटरवर उभं राहून हा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "म्हाताऱ्याचे हात थरथरतात. त्याने जाळ्याने माझ्या माशाला ठोसा मारला. असल्या माणसाच्या हातात जीव द्यायचा का?" फेस्टी तेव्हा दारातच उभा होता, ओली टोपी हातात घेऊन. हॉटेलवाला मॅलकी गॉन त्याच्याकडे न बघताच म्हणाला, "आता आराम कर फेस्टी." झालं. पन्नास वर्षं एका वाक्यात संपली.

फेस्टीने घरी येऊन आपली खुर्ची खिडकीपासून उचलली आणि भिंतीकडे तोंड करून ठेवली. खिडकीतून तलावाचा अख्खा वळसा, रोसनाचा बे, दिसतो, आणि तो मासा जिथे गेला तो खडकसुद्धा. दोन वर्षं त्या माणसाने तलावाकडे पाहिलं नाही. भिंतीवर पोपांचा फोटो होता. अट्राक्टा म्हणायची, पोपसुद्धा कंटाळले असतील.

पंचवीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात बटाटे सोलणारी अट्राक्टा दुसऱ्याच वसंतात बापाची वल्ही घेऊन मॅलकीपुढे उभी राहिली. "नावाडी कमी आहेत ना तुझ्याकडे? मी नऊ वर्षांची असल्यापासून या नावेत आहे. आधी वजन म्हणून होते, आता अक्कलही आहे." मॅलकीला खरंच नावाडी कमी होते. तिच्या डोक्यात काय आहे हे विचारायची त्याची छाती नव्हती. तिला एकच हवं होतं. डॉक्टरने ज्या तोंडाने ते वाक्य म्हटलं, त्याच तोंडाने, त्याच काउंटरवर परत घ्यावं. म्हणजे खुर्ची वळेल.

आणि यंदाच्या मेमध्ये डॉक्टर आला. या वेळी बायकोला घेऊन. वीब्के तिचं नाव, पहिल्यांदाच गळ हातात धरणार होती. अट्राक्टा सासरच्या आडनावाने नोंदलेली. डॉक्टरला ती कुणाची कोण, पत्ता नव्हता.

सकाळी निघताना अट्राक्टा पोपांच्या फोटोला आणि बापाच्या मानेला उद्देशून म्हणाली, "बाबा, तो आलाय. पाचला रोसनाच्या बेमध्ये असेन." मान हलली नाही.

आता नावेतली एक गोष्ट पाहुण्यांना कधीच कळत नाही. वाऱ्यावर नाव आडवी वाहत जाते, एका टोकाला एक बसतो, दुसऱ्याला दुसरा, आणि नावाडी मध्ये. उथळ पाणी संपून खोल सुरू होतं त्या कडेवर ट्राउट चरतात. नावेचं कुठलं टोक त्या कडेवरून जाणार, हे नावाड्याचं एक वल्हं ठरवतं. चमचाभर पाणी इकडे ढकललं की मासे याचे, तिकडे ढकललं की त्याचे.

अट्राक्टाने दिवसभर डाव्या वल्ह्याने चमचा-चमचा पाणी ढकललं.

"बाईसाहेब, सासू आहे ना तुम्हाला?" तिने वीब्केला विचारलं.

"आहे की! याचीच आई. का?"

अट्राक्टाने नियम सांगितला. वीब्के खळखळून हसली. पाऊण तासात तिची माशी गिळली गेली. "फ्रीडा मार्गारेटे ब्रुंकन," ती पुटपुटली आणि काठी उचलली. दोन पौंडांचा ट्राउट! साडेअकराला दुसरा. बारा वाजता तिसरा.

"तुझ्या आईला कळव," वीब्के नवऱ्याला म्हणाली, "एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच तिचा उपयोग झाला."

डॉक्टरच्या टोकाखाली वीस फूट काळं पाणी होतं. त्यात त्याने इतकी सुंदर माशी फेकली की बघत राहावं. उपयोग शून्य.

बेटावर जेवायला थांबले. अट्राक्टाने काटक्या पेटवून किटलीत चहा केला, हॅमचे सँडविच दिले. डॉक्टरने चहा न पिताच सांगितलं, "आता मी तिच्या जागी बसणार."

"अवश्य बसा डॉक्टर," अट्राक्टा म्हणाली. "वाराही फिरलाय. पलीकडच्या किनाऱ्याला जाऊ." पलीकडच्या किनाऱ्याला उथळ-खोलची कड दुसऱ्या हाताला पडते. डॉक्टर पुन्हा काळ्या पाण्यावर. वीब्केला चौथा.

"नशीब असतं एकेकाचं," अट्राक्टा आकाशाकडे बघत म्हणाली.

डॉक्टरच्या मानेवर लाल चट्टे आले. पाचला दहा मिनिटं कमी असताना नाव रोसनाच्या बेमध्ये शिरली. वर टेकडीवर घराची खिडकी उन्हात चमकत होती. आत काय आहे ते खालून दिसत नव्हतं. अट्राक्टाने जाळं उचललं आणि वीब्केच्या पायाशी, सगळ्यांना दिसेल असं सरकवलं. मग दिवसभरात पहिल्यांदा उजवं वल्हं मारलं, डॉक्टरसाठी. त्याचं टोक अलगद खडकाच्या कडेवर गेलं.

"हे पाणी तुमचं, डॉक्टर. इथे मोठा राहतो. फक्त सासूचं नाव..."

"मला शिकवू नका! इथेच त्या थरथऱ्या म्हाताऱ्याने माझा मासा घालवला होता."

दोन्ही वल्ही अट्राक्टाने पाण्याबाहेर काढून मांडीवर आडवी ठेवली.

पाणी फुगलं. एक भलंमोठं पिवळं तोंड वर आलं, शांतपणे माशीवर मिटायला लागलं. दिवसभराचा तापलेला डॉक्टर! खाड्कन काठी वर. माशी त्याच्या टोपीवरून मागे उडून पाठीत अडकली. पाण्यावर एक वर्तुळ राहिलं, ते मोठं होत गेलं, बस्स.

"नाव हलली!" डॉक्टर ओरडला. "हिने हलवली!"

वीब्केने नवऱ्याकडे पाहिलं. मग अट्राक्टाच्या मांडीवरच्या ठिबकणाऱ्या वल्ह्यांकडे. मग स्वतःच्या पायाशी पडलेल्या जाळ्याकडे.

"देटलेफ," ती हळू म्हणाली, "दोन वर्षं दर पार्टीत त्या म्हाताऱ्याच्या जाळ्याची गोष्ट ऐकतेय मी. तेव्हाही असंच झालं होतं का रे?"

डॉक्टर पाठीतली माशी काढण्यात फार गुंतला.

"माझ्या आईचं नाव काय?"

"काय मूर्खपणा आहे हा!"

"एकोणीस वर्षं जावई आहेस. पूर्ण नाव सांग."

त्याला आलं नाही.

धक्क्यावर उतरल्याबरोबर डॉक्टर तरातरा हॉटेलात गेला आणि काउंटरवर हात आपटला. "मिस्टर गॉन, या बाईने दिवसभर नाव तिरकी ठेवली! मुद्दाम!"

पूर्णपणे खरं होतं. त्या माणसाने त्या काउंटरवर बोललेलं पहिलं खरं वाक्य. आणि त्याच्यावर कोण विश्वास ठेवणार?

"गेल्या वेळी म्हाताऱ्याचे हात, या वेळी बाईंचं वल्हं," मागून आलेली वीब्के म्हणाली. "चार मासे मी पकडले, मिस्टर गॉन, त्याच नावेतून. आणि मोठा याने स्वतः घालवला. तेव्हाचाही." सहा-सात गिऱ्हाइकांचे ग्लास अर्ध्यावर थांबले. "सांग त्यांना."

डॉक्टर घशातल्या घशात जर्मनमध्ये काहीतरी पुटपुटला.

"माझ्या बाबांना जर्मन येत नाही," अट्राक्टा म्हणाली.

"तुमचे... बाबा?"

"फेस्टी मल्केरिन. थरथरा म्हातारा."

आता डॉक्टरचं तोंड, इतरांची उघडी तोंडं बघण्यात आयुष्य गेलेलं, स्वतःच उघडं राहिलं. मग स्वच्छ इंग्रजीत, एकेक शब्द दाढेसारखा काढत, तो म्हणाला, "त्या वेळी काठी मीच लवकर ओढली. म्हाताऱ्याने जाळं लावलं नव्हतं."

मॅलकी ग्लास पुसत राहिला. ग्लास केव्हाच कोरडा झाला होता.

"तू काय पुसतोस, मॅलकी?" अट्राक्टा म्हणाली. "तू वर घरी ये. आजच. टोपी काढून."

बाहेर पडताना वीब्केने तिचा दंड धरला. "उद्या नाव सरळ ठेवाल ना?"

"तुम्ही सांगाल तशी."

वीब्केने जरा विचार केला. "तिरकीच बरी होती."

अट्राक्टा घरी पोचली तेव्हा पोपांसमोर कुणी नव्हतं. खुर्ची खिडकीपाशी होती, आणि फेस्टीच्या मांडीवर जुनी दुर्बीण. तिने काउंटरवरचं वाक्य त्याला शब्दशः सांगितलं. त्याने दोनदा सांगायला लावलं.

मग म्हणाला, "दिवसभर खोल पाण्यावर ठेवलंस त्याला?"

"हो."

"पन्नास वर्षांत मी गिऱ्हाइकाशी असं कधी केलं नाही."

"माहीत आहे, बाबा."

फेस्टीने दुर्बिणीची काच बाहीने पुसली. "एकदा केलं होतं. मॅलकीच्या बापाला. पूर्ण आठवडा."

बाहेर खडीवर बूट वाजले. दाराशी येऊन थांबले. अट्राक्टा उठली.

"बस," फेस्टी म्हणाला. "उभा राहू दे त्याला जरा."

"किती वेळ?"

"सासूचं पूर्ण नाव घेईपर्यंत." त्याने दुर्बीण डोळ्यांना लावली. "आणि तुझ्या आईकडच्या आजीचं नाव, देव तिला शांती देवो, फार म्हणजे फार लांब होतं."