आधी मला दाखव

लातूरला एका क्लासच्या हॉलमध्ये आमच्या ग्रुपची बैठक होती. पडद्यावर मी शोधलेली एका वेबसाइटमधली चूक. खाली नाव त्याचं. ग्रुप चालवणाऱ्याचं. टाळ्या पडल्या. मग माझ्याकडे बघून तो म्हणाला, "तू जरा चहाचं बघ ना." मी उठले. सगळ्यांना कप दिले. त्यालाही दिला.

मी अर्धापूरची. आई दुसऱ्याच्या केळीच्या बागेत मजुरीला जाते. नांदेडला कॉलेजात असताना जुन्या मोबाईलवर वेबसाइटमधल्या फटी शोधायला शिकले. फट सापडली की ज्याची साइट त्याला कळवायचं, हे आमचं हॅकिंग. ग्रुपमध्ये जात नाही, आडनाव नाही, फक्त टोपणनाव. हे ऐकून मी हुरळले होते. पण आत यायला जुन्याची शिफारस लागते, आणि शिफारस मिळते ओळखीतल्यांना. मला एका मैत्रिणीनं कसंबसं आत घेतलं. शिवाय रिवाज असा, की नव्यानं शोधलेलं आधी मोठ्याला दाखवायचं, तपासायला. मी त्यालाच दाखवलं. त्यानं तासाभरात स्वतःच्या नावानं कंपनीला पाठवून दिलं.

खोटं कशाला बोलू, त्याचा मला पहिल्यापासून हेवा वाटायचा. बाप प्राध्यापक. टेबलावर दोन स्क्रीन. फाडफाड इंग्रजी. माझ्याकडे हे असतं तर, असं मनात शंभरदा आलं.

चहा झाल्यावर त्याला गाठलं. माझं होतं ते, म्हणाले. तो हसला.

"तुझं इंग्रजी वाचून कुणी उत्तर तरी दिलं असतं का?"

मी रिकामे कप गोळा करायला लागले. त्याची आजही लाज वाटते.

दोन महिन्यांनी एका दवाखान्याच्या साइटवर फट सापडली. लिंकमधला नंबर बदलला की दुसऱ्याच पेशंटचा रिपोर्ट उघडायचा. मैत्रिणीकडून त्याला कळलं. लगेच फोन. "आधी मला दाखव."

"न्हाई दाखवत," मी म्हणाले. "एकदा दाखवलं, लई झालं."

दवाखान्याला सरळ मराठीत चार ओळी लिहिल्या. खाली माझं नाव. दुसऱ्या दिवशी त्यांनी फट बुजवली. त्यानं मला ग्रुपमधून काढलं.

अजून त्याचं नाव फटी शोधणाऱ्यांच्या कुठल्या यादीत वर दिसलं की माझ्या पोटात दुखतं. दुखू दे.

आता गावातल्या दोन पोरी माझ्याकडे शिकायला येतात. त्यातली एक माझ्यापेक्षा हुशार आहे. ती पुढं जाईल तेव्हा मी जळणार, मला माहीत आहे. तरी तिनं शोधलेल्याला मी हात लावणार नाही.