जिन्यातली तीन मिनिटं

फिरदोसला कुणी विचारलं, "कशी आहेस गं?" की उत्तर ठरलेलं: "मला काय धाड भरलीय!" बाई मूळची श्रीवर्धनची. अकरा वर्षं दुबईत एका खासगी ॲम्ब्युलन्स कंपनीत पॅरामेडिक. कुठे दुखतंय हे ती पेशंटला पाच भाषांत विचारायची, पण स्वतःचं दुखणं सांगायची वेळ आली की तोंडाला कुलूप! असं माणूस घरात असलं की घरच्यांची काय गत होते, ते तिच्या नवऱ्याला विचारा. रफिक शारजाला औद्योगिक भागातल्या गॅरेजमध्ये मेकॅनिक. तो लेकीला, यम्नाला सांगायचा, "तुझी अम्मी थर्मामीटरलासुद्धा खोटं पाडेल."

तर मार्चमधली गोष्ट. डिस्कव्हरी गार्डन्समध्ये तिसऱ्या मजल्यावर एका काकांच्या छातीत कळ आली. काका चांगले शंभर किलोचे, आणि लिफ्ट नेमकी बंद. फिरदोस आणि तिचा ॲम्ब्युलन्सवरचा जोडीदार यहया यांनी काकांना उचलायच्या खुर्चीत पट्ट्यांनी बांधलं आणि जिन्याने उतरवायला घेतलं. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर काकांनी घाबरून कठडा पकडला, खुर्ची कलंडली, आणि सगळा भार फिरदोसच्या उजव्या हातावर आला. खांद्यात कट्‌कन आवाज झाला. पण तिने खुर्ची सोडली नाही. काकांना खाली नेलं, हॉस्पिटलात पोचवलं, काका वाचले.

तिथल्या डॉक्टरने तिचा पांढराफटक चेहरा बघून विचारलं, "एक ते दहामध्ये किती दुखतंय?"

हा प्रश्न फिरदोस स्वतः रोज लोकांना विचारते. दहा म्हणणारी माणसं कशी तळमळतात ते तिने डोळ्यांनी पाहिलेलं. त्यात पुढचा कॉल आलेला. ती म्हणाली, "दोन. यल्ला यहया, गाडी काढ."

इथेच तर घोडं पेंड खातं! दुसऱ्याच्या कळा बघून बघून या बाईने स्वतःच्या कळेला किंमतच दिली नाही. तीन आठवडे दुखणं अंगावर काढलं. मग एका सकाळी यम्नाची वेणी घालायला हात वर जाईना, तेव्हा रफिकने तिला जवळजवळ ओढतच दवाखान्यात नेलं. खांद्यातला स्नायू फाटला होता. ऑपरेशन लागणार होतं.

"अठरा हजार दिरहम," रफिक म्हणाला, "म्हणजे सव्वाचार लाख!"

पैशापेक्षा मोठी भीती वेगळीच होती. कामावर लागलं असेल तर उपचार कंपनीने करायचे, सहा महिने पूर्ण पगार, पुढचे सहा महिने अर्धा, असा तिथला कायदा. कामावर लागलंच नसेल तर मात्र साधी आजारपणाची रजा, आणि ती संपली की नोकरी खलास. ॲम्ब्युलन्स सुटली तर आपण कोण, हे फिरदोसला खरंच सांगता आलं नसतं.

जुमेरा लेक टॉवर्समधल्या ऑफिसात एचआर बघणारे चारुदत्त बसायचे. पुण्याचे, बोलायला मऊ.

"फिरदोसताई, माझा तुमच्यावर विश्वास आहे हो. पण इन्शुरन्सवाले कागद मागतात. स्टाफला दुखापत झाली की भरायचा फॉर्म तुम्ही भरलाच नाही."

"यहया होता ना सोबत!"

"जोडीदार जोडीदाराची बाजू घेणारच, असं म्हणतात ते. आणि ताई, लिहिलं नाही ते घडलंच नाही, हे ट्रेनिंगमध्ये तुम्हीच शिकवता ना?"

फिरदोसच्या अंगाचा तिळपापड झाला. पण वाक्य तिचंच होतं.

घरी यम्ना चिडली. "अम्मी, यू गॉट हर्ट ॲट वर्क. जस्ट टेल देम!"

"इथल्या कामगार मंत्रालयात तक्रार करू या," रफिक म्हणाला.

"कशाच्या जोरावर, यम्नाचे अब्बा? माझ्याच तोंडाने मी दोन सांगून आले." एवढं बोलून ती रडली. अकरा वर्षांत रफिकने तिला असं पहिल्यांदाच पाहिलं.

हात गळ्यात अडकवलेला, म्हणून कंपनीने तिला नव्या मुलींना शिकवायला बसवलं होतं. पेशंटचा रिपोर्ट कसा लिहायचा, ते ती सांगत होती. लायबा नावाच्या मुलीने विचारलं, "मॅडम, औषध द्यायला आपल्यामुळेच उशीर झाला असेल तर?"

"तरी लिहायचं," फिरदोस कडाडली. "किती मिनिटं आणि का, दोन्ही. लाज वाटली तरी लिहायचं. पेशंटचा जीव आपल्या अब्रूपेक्षा..."

आणि ती मध्येच थांबली. मार्कर तसाच फळ्याला टेकलेला.

"अगं बाई," ती स्वतःशीच म्हणाली. "मी लिहिलंय की!"

वर्ग तिथेच सोडून ती टॅक्सीने ऑफिसला गेली. "चारुदत्तसाहेब, माझा फॉर्म मरू दे. त्या काकांचा रिपोर्ट काढा."

पेशंटचे रिपोर्ट वेगळ्या विभागात असायचे, एचआरमधलं कुणी ते उघडत नसे. अर्ध्या तासाने रीतसर परवानगी मिळाली आणि चारुदत्तांनी स्क्रीनवरचं मोठ्याने वाचलं. "वेळ अकरा बेचाळीस. जिन्यात खुर्ची कलंडली. पेशंटला सावरताना पॅरामेडिकच्या उजव्या खांद्याला इजा, हात नीट उचलता येत नाही. सलाईनची सुई जोडीदाराने लावली. त्यामुळे तीन मिनिटं उशीर."

खाली तिचीच सही होती, डाव्या हाताने केलेली, वेडीवाकडी.

"ताई, हे आधी का नाही सांगितलंत?"

"ती माझी चूक म्हणून लिहिली होती," फिरदोस म्हणाली. "माझ्यामुळे काकांना औषध उशिरा मिळालं. त्या तीन मिनिटांपायी मला रात्र रात्र झोप नाही. त्यात माझी इजा लिहिलीय, हे डोक्यातच आलं नाही हो."

चारुदत्तांनी चष्मा काढला. "मीही शोधायला हवं होतं. चुकलंच माझं," ते म्हणाले, आणि कागद त्याच दिवशी पुढे गेले.

पंधरा दिवसांनी कामावरच्या इजा ठरवणाऱ्या वैद्यकीय समितीपुढे बोलावणं आलं. डॉक्टरांनी रिपोर्ट वाचला, खांदा तपासला, आणि तोच प्रश्न विचारला. एक ते दहामध्ये किती?

फिरदोसच्या जिभेवर दोन आलंच होतं. शेजारी रफिकने घसा खाकरला. तिने खोल श्वास घेतला.

"सात," ती म्हणाली. "जिना चढताना आठ. त्या दिवशी दहा होतं, डॉक्टर."

डॉक्टरांनी मान हलवली आणि रकान्यात लिहिलं: कामावर झालेली इजा. फिरदोसने ते उलट्या बाजूनेच वाचलं आणि तिचे डोळे भरून आले.

बाहेर आल्यावर यम्नाचा फोन. "अम्मी, सो यू कॅन गो बॅक टू द ॲम्ब्युलन्स?"

"इन्शाल्ला. आधी ऑपरेशन, मग ॲम्ब्युलन्स."

"ॲण्ड हाऊ आर यू?"

धाड भरलीय हे शब्द ओठांपर्यंत आले होते. फिरदोसने ते गिळले.

"दुखतंय गं बाळा," ती म्हणाली. "खूप दुखतंय."