दोन रांगांतली तिकिटं

नवऱ्याच्या बदलीमुळे आम्ही बनारसला नवीन होतो. एका दुपारी मी एकटीच सिनेमाला गेले. पडद्यावर शहराबाहेरच्या कॉलनीतलं एक जोडपं होतं. घर नवं, पण दोघांत बोलणं नाही. इतक्यात शेजारच्या खुर्चीवरून आवाज आला, "अगं, बोल ना काहीतरी!"

मराठी ऐकून मी वळले. साठीच्या एक बाई पदर तोंडाशी धरून पडद्यावरच्या बायकोला समजावत होत्या.

मध्यंतरात पुढच्या रांगेतले धोतर नेसलेले एक गृहस्थ उठले. त्यांनी शेंगदाण्यांची पुडी आणून बाईंच्या हातात दिली आणि एक शब्दही न बोलता ते जागेवर जाऊन बसले.

"आमचे हे," बाई मला म्हणाल्या. "दुर्गाघाटावर राहतो आम्ही. मला न विचारता मुलीचं लग्न ठरवलं, तेव्हापासून बातचीत बंद. दोन साल झाली. सिनेमाला मात्र आणतात. तिकिटं वेगवेगळ्या रांगांतली काढतात." आणि त्यांनी मूठभर दाणे माझ्यापुढे धरले.

शेवटी पडद्यावरची बायको बॅग उचलून घराबाहेर पडली. दिवे लागले, लोक उठले. गृहस्थ मात्र बसूनच होते. मग मागे वळून ते हळूच म्हणाले, "तूही जाशील का गं?"

बाईंनी शेंगदाण्यांची रिकामी पुडी चुरगळली.

"जाऊ कशी? चप्पल सापडत नाहीये. बघा जरा."

ते इस्त्रीच्या धोतरानिशी खाली बसले आणि खुर्च्यांखाली चाचपू लागले. मी पाय वर घेतले.